एम्युलेटर चालू होत नाही? आधी स्टुडिओ काढून टाकू नका

अँड्रॉइडचा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, अडला की बहुतेक जण एकच उपाय करतात. ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, काढून टाकतात आणि पुन्हा टाकतात. त्यात दिवसाचा डेटा संपतो, अख्खी संध्याकाळ जाते आणि एम्युलेटर होता तिथेच अडलेला राहतो. कारण बिघाड सहसा स्टुडिओत नसतोच. तो त्याच्या खाली असतो: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये), विंडोजच्या एखाद्या टिक न केलेल्या चौकटीत, भरलेल्या सी ड्राइव्हमध्ये, नाहीतर काल अर्धवट बंद पडलेल्या सेशनमध्ये.

सोलापुरात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलं असोत, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी ऑर्डर घेणारं ॲप करणारा एकटा डेव्हलपर असो, अडचणी त्याच आणि चुकाही त्याच. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. यात विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप गृहीत धरलाय. मॅक आणि लिनक्सचं थोडक्यात, जिथे फरक पडतो तिथे.

दोन नियम पाळा. तपासणी खालून वर करायची: आधी यंत्र, मग विंडोज, मग एसडीके (अँड्रॉइडच्या टूल्सचा संच), मग एम्युलेटर, सगळ्यात शेवटी तुमचं ॲप. आणि एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.

## पायरी १: आधी मेसेज वाचा, मग हात लावा

"द एम्युलेटर प्रोसेस हॅज टर्मिनेटेड" ही ओळ निदान नव्हे. एम्युलेटर बंद पडला एवढंच ती सांगते. का पडला ते लॉगमध्ये असतं. स्टुडिओच्या हेल्प मेनूतून "शो लॉग इन एक्सप्लोरर" निवडा, आयडिया नावाची लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी शेवटापासून वर वाचत जा.

याहून सोपा मार्ग म्हणजे स्टुडिओ बंद करून एम्युलेटर थेट टर्मिनलमधून चालवणं. तुमच्या युजर फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात अँड्रॉइड, त्यात एसडीके, त्यात एम्युलेटर असं फोल्डर आहे. तिथे टर्मिनल उघडा आणि आधी एव्हीडींची, म्हणजे तुम्ही बनवलेल्या नकली फोनांची, यादी मागा:

`एम्युलेटर -लिस्ट-एव्हीडीज`

यादीत आलेलं नाव घेऊन:

`एम्युलेटर -एव्हीडी तुमचं_नाव -व्हर्बोज`

आता स्क्रीनवर भराभर ओळी येतील. त्यातली "एरर", "फेटल" किंवा "पॅनिक" असलेली पहिली ओळ धरायची, शेवटची नव्हे. शेवटच्या ओळी बहुधा पहिल्या बिघाडाचे परिणाम असतात.

त्या ओळीत डिस्क स्पेसचा उल्लेख असेल तर पायरी २, हायपरवायझर किंवा ॲक्सेलरेशन असेल तर पायरी ३, "ब्रोकन एव्हीडी सिस्टिम पाथ" असेल तर पायरी ४, एकाच एव्हीडीवर अनेक एम्युलेटर चालवल्याची तक्रार असेल तर पायरी ५, व्हल्कन, ओपनजीएल किंवा जीपीयू असेल तर पायरी ६.

सावध: जुन्या एसडीकेमध्ये "टूल्स" फोल्डरातही एम्युलेटर नावाची फाइल असते. ती चालवली की "मिसिंग एम्युलेटर इंजिन प्रोग्राम" असं येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. फाइल एम्युलेटर फोल्डरातलीच हवी.

## पायरी २: लॅपटॉपची कुवत मोजा

गूगलची स्वतःची अपेक्षा अशी: नुसत्या स्टुडिओसाठी किमान ८ जीबी रॅम, एम्युलेटरसकट १६ जीबी. हे वाचून वाईट वाटेल, पण ते खरंच आहे. ४ जीबीच्या लॅपटॉपवर एम्युलेटरचा नाद सोडा. यूएसबी केबल लावून स्वतःच्या फोनवर ॲप चालवा, फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी डिबगिंग चालू केलं की झालं. ८ जीबी असेल तर एम्युलेटर चालतो, पण लाड पुरवावे लागतात: क्रोम बंद, आणि शक्य असेल तेव्हा एम्युलेटर पायरी १ प्रमाणे टर्मिनलमधून. माझं मत विचाराल तर ८ जीबीवाल्यांनी रोजचं काम खऱ्या फोनवर करावं आणि वेगळी स्क्रीन, वेगळी आवृत्ती तपासायची तेवढ्यापुरताच एम्युलेटर उघडावा.

डिस्कचं दुखणं वेगळं. सी ड्राइव्हवर साधारण सात-साडेसात जीबी मोकळी नसेल तर एम्युलेटर सुरूच व्हायला नकार देतो. डी ड्राइव्ह रिकामा आहे याचा उपयोग नाही, कारण एव्हीडी मुळात सी ड्राइव्हवरच्या युजर फोल्डरात बनते. जागा करायची तर एसडीके मॅनेजरमधून न वापरलेल्या सिस्टिम इमेज, म्हणजे एम्युलेटरमध्ये चालणाऱ्या अँड्रॉइडच्या प्रती, काढा. एकेक इमेज काही जीबी खाते. नाहीतर एव्हीडीच डी ड्राइव्हवर न्या: डी ड्राइव्हवर एक फोल्डर करून विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये "अँड्रॉइड_एव्हीडी_होम" या नावाने त्याचा पत्ता द्या, स्टुडिओ पूर्ण बंद करून उघडा आणि एव्हीडी नव्याने बनवा.

हाच उपाय आणखी एका दुखण्यावर लागू पडतो. विंडोजचं युजरनेम मराठीत ठेवलं असेल तर फोल्डरच्या पत्त्यातही देवनागरी अक्षरं येतात आणि एम्युलेटर तिथे अडखळतो. युजरनेम बदलत बसू नका, त्याने फोल्डरचं नाव बदलत नाही. एव्हीडी आणि एसडीके दोन्ही साध्या इंग्रजी नावाच्या, मध्ये स्पेस नसलेल्या फोल्डरात ठेवा.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवा बंद होते, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि सकाळी नीट चाललेला एम्युलेटर दुपारी दोनला रांगायला लागतो. यात सेटिंगचा काही दोष नसतो.

तपासणी: टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. वापर शंभर टक्क्यांच्या आसपास आणि "स्पीड" मात्र "बेस स्पीड"पेक्षा खाली, असं दिसलं तर ते गरम झालंय किंवा बॅटरी सेव्हर चालू आहे. चार्जर लावा, लॅपटॉप टेबलावर घ्या, पंख्याखाली बसा. एव्हीडीला हात लावू नका.

## पायरी ३: व्हर्च्युअलायझेशन, इथेच निम्मे अडकतात

एम्युलेटर म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा संगणक. प्रोसेसरने त्यासाठी वेगळी सोय दिलेली असते: इंटेलमध्ये व्हीटी-एक्स, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. ती आधी बायोसमध्ये चालू हवी, मग विंडोजने ती एम्युलेटरला वापरू द्यायला हवी. दोन दारं आहेत, आणि दोन्ही उघडी लागतात.

पहिलं दार, बायोस. टास्क मॅनेजरच्या त्याच सीपीयू पानावर उजव्या खालच्या बाजूला "व्हर्च्युअलायझेशन" असं लिहिलेलं असतं. तिथे "एनेबल्ड" दिसत असेल तर बायोसमध्ये जाऊच नका. "डिसेबल्ड" असेल तरच लॅपटॉप रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरा. डेल, असूस आणि एसर यांच्यात सहसा एफ २, एचपीमध्ये एफ १०, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलना बाजूला एक बारीक नोवो बटण असतं. आत "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" किंवा एएमडीत "एसव्हीएम मोड" शोधा. चालू करा, सेव्ह करून बाहेर या.

सावध: बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये, होम आवृत्तीतसुद्धा, ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट केलेला असतो आणि बायोस बदलल्यावर विंडोज ती ४८ आकडी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल आणि त्यात जुन्या मालकाचंच अकाउंट असेल, तर हे आधी मिटवा.

दुसरं दार, विंडोज. विंडोज आणि आर एकत्र दाबून "ऑप्शनलफीचर्स" टाइप करा. उघडलेल्या यादीत "विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म" या चौकटीत टिक करा आणि रीस्टार्ट करा. (हायपरवायझर म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवू देणारा भाग.) नाव नीट वाचा. "हायपर-व्ही" वेगळं, "व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म" वेगळं. विंडोज होममध्ये हायपर-व्हीची चौकट दिसत नाही म्हणून कित्येक जण "माझ्या लॅपटॉपला सपोर्ट नाही" असं ठरवून मोकळे होतात. आपल्याला हवी असलेली चौकट होममध्येही आहे.

आता गोंधळाचं मूळ. जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात, हायपर-व्ही बंद करा आणि हॅक्सम (एम्युलेटरला वेग देणारा इंटेलचा ड्रायव्हर) टाका. त्या काळी ते बरोबर होतं. पण इंटेलने २०२३ साली हॅक्समचं काम थांबवलं आणि नवे एम्युलेटर त्याच्यावर अवलंबून नाहीत. ते जुने व्हिडिओ पाहून कुणी हॅक्सम टाकलेलं असतं, कुणी विंडोजचा हायपरवायझरच बंद करून ठेवलेला असतो, आणि वर टिक करूनही काही होत नाही. असं असेल तर हॅक्सम काढून टाका आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये हे चालवा:

`बीसीडीएडिट /सेट हायपरवायझरलाँचटाइप ऑटो`

मग रीस्टार्ट.

एसडीके मॅनेजरमध्ये "अँड्रॉइड एम्युलेटर हायपरवायझर ड्रायव्हर" नावाचा आणखी एक पर्याय दिसेल. हायपर-व्ही चालू असताना तो बसत नाही, इन्स्टॉल करताना फेल होतो. डॉकर, डब्ल्यूएसएल किंवा विंडोज सिक्युरिटीतलं मेमरी इंटिग्रिटी वापरत असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नव्याने सुरुवात करणाऱ्यानेही विंडोजचाच हायपरवायझर प्लॅटफॉर्म घ्यावा. दोन्ही एकदम वापरायचा प्रयत्न नको.

लिनक्सवर हे काम केव्हीएम करतं. बहुतेक वेळा तुमचा युजर केव्हीएम ग्रुपमध्ये नसतो एवढंच कारण निघतं. त्यात घालून लॉगआउट करून परत या. मॅकवर वेगळं काही टाकावं लागत नाही.

तपासणी: एम्युलेटर फोल्डरातून

`एम्युलेटर -ॲक्सेल-चेक`

उत्तरात "०" आणि खाली "इन्स्टॉल्ड अँड युजेबल" असं आलं पाहिजे. शून्य पाहून घाबरू नका, इथे शून्य म्हणजे सगळं ठीक. हे येत नाही तोवर पुढच्या पायऱ्या करून काहीही हाती लागणार नाही.

## पायरी ४: एव्हीडी बनवताना

सिस्टिम इमेज प्रोसेसरला जुळणारी हवी. इंटेल आणि एएमडीवर एक्स८६_६४, ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर एआरएम६४. उलट निवडली तर "सीपीयू आर्किटेक्चर इज नॉट सपोर्टेड" म्हणून एम्युलेटर हात वर करतो.

गूगल प्ले असलेली इमेज की गूगल एपीआयज? प्ले स्टोअर उघडून तपासायचं नसेल तर गूगल एपीआयज घ्या. नकाशे आणि फायरबेस (ॲपसाठी गूगलची सर्व्हर सेवा) दोन्हींवर चालतात, पण एपीआयज असलेल्या इमेजवर "एडीबी रूट" (एडीबी म्हणजे एम्युलेटरला किंवा फोनला कमांड देणारं टूल, रूट म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींवर हक्क) करता येतं, प्लेवाल्यावर येत नाही. आपल्याच ॲपचा डेटाबेस उघडून पाहताना याचा फार उपयोग होतो.

८ जीबीवाल्यांनी एपीआय ३०, म्हणजे अँड्रॉइड ११ ची इमेज घ्यावी. ती नव्यांपेक्षा हलकी आहे आणि एआरएमसाठी बनवलेली ॲपही तिच्यात भाषांतर होऊन चालतात. काम झाल्यावर एकदा नव्या आवृत्तीवर तपासा. फोन प्रोफाइल लहान रिझोल्यूशनची घ्या.

रॅम २०४८ एमबी ठेवा. "हळू चालतंय" म्हणून इथे ४ जीबी देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. लॅपटॉपकडे मुळात आठच आहेत. एम्युलेटरला चार दिले की विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकायला लागतं आणि दोघंही कासवगतीने चालतात. एव्हीडीचं नाव इंग्रजीत आणि स्पेस न देता.

इमेजचं डाउनलोड एक जीबीच्या पुढे जातं. हॉस्टेलवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेताना दिवसाचा डेटा मध्येच संपतो, डाउनलोड अर्धवट राहतं आणि नंतर "ब्रोकन एव्हीडी सिस्टिम पाथ" असा पॅनिक येतो. डेटा पुरेसा असताना, एका बैठकीत घ्या. अर्धवट राहिलंच असेल तर एसडीके मॅनेजरमध्ये त्या इमेजची टिक काढून अप्लाय करा, एसडीके फोल्डरातली "टेम्प" आणि "डाउनलोडइंटरमीडिएट्स" ही डॉटने सुरू होणारी दोन फोल्डरं रिकामी करा, मग पुन्हा घ्या.

तपासणी: एसडीके, सिस्टिम-इमेजेस, अँड्रॉइड-३० असं आत आत गेल्यावर शेवटच्या फोल्डरात "सिस्टिम" नावाची मोठी इमेज फाइल दिसली पाहिजे. नसेल तर डाउनलोड पूर्ण झालेलं नाही, स्टुडिओ काहीही म्हणो.

## पायरी ५: पहिलं बूट, आणि लाइट गेल्यानंतरचं बूट

पहिल्या बूटला वेळ लागतो. एसएसडी असेल तर दोन-तीन मिनिटं, जुन्या हार्ड डिस्कवर दहाही लागू शकतात. लोगो फिरत असताना वैतागून खिडकी बंद करणं, मग पुन्हा चालू करणं, पुन्हा बंद करणं, यानेच डेटा खराब होतो. वाट पाहा. झालं की नाही ते असं विचारा:

`एडीबी शेल गेटप्रॉप सिस.बूट_कम्प्लीटेड`

"१" आलं तर बूट पूर्ण. मगच ॲप रन करा. बूट अर्धवट असताना रन दाबलं की इन्स्टॉल फसतं आणि दोष ॲपवर येतो.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग. डेस्कटॉपवर काम चालू आहे, यूपीएस नाही, लाइट जाते. परत आल्यावर एम्युलेटर म्हणतो की ही एव्हीडी आधीच चालू आहे. ती चालू नसते. मागे उरलेल्या लॉक फाइलींमुळे त्याला तसं वाटतं. क्रम असा ठेवा:

१. टास्क मॅनेजरमध्ये "क्यूईएमयू-सिस्टिम" नावाने सुरू होणारी प्रोसेस आहे का पाहा. असेल तर एंड टास्क.
२. युजर फोल्डरातल्या डॉट-अँड्रॉइड, त्यातल्या एव्हीडी, त्यातल्या तुमच्या एव्हीडीच्या फोल्डरात जाऊन ज्यांच्या नावाच्या शेवटी "लॉक" आहे तेवढ्याच गोष्टी डिलीट करा.
३. डिव्हाइस मॅनेजरमधल्या तीन ठिपक्यांतून "कोल्ड बूट नाऊ". साध्या प्ले बटणाने जुना स्नॅपशॉट (आधीची साठवून ठेवलेली स्थिती) परत उघडला जातो, आणि तोच बिघडलेला असू शकतो.
४. तरीही अडलं तर "वाइप डेटा". यात एम्युलेटरमधली सगळी ॲप आणि त्यांचा डेटा जातो.
५. शेवटी एव्हीडी डिलीट करून नवी. सिस्टिम इमेज तशीच राहते, त्यामुळे डाउनलोड पुन्हा लागत नाही.

या यादीतल्या पहिल्या उपायावरून थेट पाचव्यावर उडी मारणारे खूप. टेस्टसाठी भरलेल्या दोनशे ऑर्डरी त्यात जातात.

## पायरी ६: काळी स्क्रीन

खिडकी उघडते, बटणं दिसतात, आत काळं किंवा लुकलुकणारं. हे ग्राफिक्सचं. एव्हीडीच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स "ऑटोमॅटिक"वरून "सॉफ्टवेअर"वर आणा. तो पर्याय फिका दिसत असेल तर टर्मिनलमधून:

`एम्युलेटर -एव्हीडी तुमचं_नाव -जीपीयू स्विफ्टशेडर_इनडायरेक्ट`

याने चित्र आलं तर दोष ड्रायव्हरचा आहे हे सिद्ध झालं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर नवा करा आणि परत "हार्डवेअर"वर या. सॉफ्टवेअर मोडमध्येच राहिलात तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये एम्युलेटरसाठी एक कार्ड ठरवून द्या.

## पायरी ७: एम्युलेटर चालू, पण स्टुडिओला दिसत नाही

`एडीबी डिव्हाइसेस`

यादीत "एम्युलेटर-५५५४" समोर "डिव्हाइस" हवं. "ऑफलाइन" असेल किंवा यादीच रिकामी असेल तर:

`एडीबी किल-सर्व्हर`
`एडीबी स्टार्ट-सर्व्हर`

"सर्व्हर व्हर्जन डझन्ट मॅच धिस क्लायंट" असं वारंवार येत असेल तर लॅपटॉपवर दोन एडीबी आहेत. मोबाइल गेम लॅपटॉपवर खेळायला टाकलेली सॉफ्टवेअरं आणि फोन कंपन्यांची सिंक करणारी टूल्स स्वतःचं जुनं एडीबी सोबत आणतात, आणि दोघं एकमेकांना बंद करत राहतात. गेमवालं सॉफ्टवेअर किमान काम करताना तरी पूर्ण बंद ठेवा.

इन्स्टॉल होताना येणाऱ्या एररपैकी "नो मॅचिंग एबीआयज" म्हणजे ॲपमधली एखादी लायब्ररी फक्त एआरएमसाठी आहे. "अपडेट इनकम्पॅटिबल" म्हणजे तेच ॲप दुसऱ्या सहीने आधीच बसलेलं आहे. आधीचं अनइन्स्टॉल करा, पुरे.

## पायरी ८: ॲप चालतं, सर्व्हर लागत नाही

लॅपटॉपवर सर्व्हर चालू आहे, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडतं, ॲपमध्ये तेच लिहिलंय आणि "कनेक्शन रिफ्यूज्ड". कारण एम्युलेटरच्या आतलं लोकलहोस्ट म्हणजे तो एम्युलेटरच. तुमचा लॅपटॉप त्याच्यासाठी १०.०.२.२ या पत्त्यावर असतो. सर्व्हर ३००० पोर्टवर असेल तर ॲपमध्ये १०.०.२.२ आणि पोर्ट ३००० लिहायचं.

सावध: हा पत्ता फक्त एम्युलेटरसाठी आहे. हेच ॲप खऱ्या फोनवर चालवलं की बंद पडतं, आणि नेमकं ते प्रेझेंटेशनच्या दिवशी कळतं. फोन केबलने जोडलेला असेल तर

`एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००`

चालवा आणि ॲपमध्ये लोकलहोस्ट ठेवा. ही युक्ती एम्युलेटरवरही चालते, म्हणजे कोड दोन्हीकडे एकच राहतो. मला १०.०.२.२ पेक्षा हीच पसंत. फक्त फोन काढून परत जोडला की कमांड पुन्हा द्यावी लागते.

पत्ता बरोबर असूनही अडत असेल तर अँड्रॉइड ९ पासूनचा नियम आठवा: साधं एचटीटीपी मुळातच बंद असतं. डिबग बिल्डपुरतं मॅनिफेस्टमध्ये "युजेसक्लिअरटेक्स्टट्रॅफिक" ट्रू करा. रिलीजमध्ये ते जाऊ देऊ नका.

एम्युलेटरमध्ये इंटरनेटच नसेल तर आधी आतल्या ब्राउझरमध्ये कुठलीही साइट उघडून पाहा. उघडत नसेल तर डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) संशय घ्या, विशेषतः लॅपटॉपवर व्हीपीएन असेल किंवा नुकतंच वायफायवरून हॉटस्पॉटवर आला असाल तर:

`एम्युलेटर -एव्हीडी तुमचं_नाव -डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८`

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्सी असेल तर ती एम्युलेटरलाही सांगावी लागते: बाजूच्या पट्टीतले तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रॉक्सी. आणि काही साइट उघडतात पण काहींवर सर्टिफिकेटची एरर येत असेल तर एम्युलेटरचं घड्याळ बघा. जुन्या स्नॅपशॉटमधून उठल्यावर ते कधीकधी मागेच असतं. कोल्ड बूट केलं की ठीक होतं.

## पायरी ९: सोलापूर कुठे आहे ते एम्युलेटरला सांगा

नवा एम्युलेटर समजतो की तो कॅलिफोर्नियात, गूगलच्या ऑफिसात उभा आहे. डिलिव्हरीचं ॲप करणाऱ्याला मग "जवळ एकही दुकान नाही" असं दिसतं आणि तो आपल्या क्वेरीत चूक शोधत बसतो. लोकेशन असं द्या:

`एडीबी एमू जिओ फिक्स ७५.९१ १७.६६`

आधी रेखांश, मग अक्षांश. नकाशावरून कॉपी करताना आकडे उलट क्रमाने येतात, त्यामुळे चूक ठरलेली. उलट दिलेत तर सोलापूरऐवजी तुम्ही नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या समुद्रात पोचाल. मे महिन्यात कल्पना वाईट नाही, पण ऑर्डर येणार नाही.

सात रस्त्याहून जुळे सोलापूरला जाणारा डिलिव्हरी बॉय दाखवायचा असेल तर तीन ठिपक्यांतल्या लोकेशनमध्ये "रूट्स" आहे. सुरुवात आणि शेवट दिला की ठिपका आपोआप सरकतो.

भाषेचं एकच सांगतो. इथल्या ग्राहकांसाठी ॲप मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही तपासावं लागतं. टेस्टमध्ये मजकूर भरायला "एडीबी शेल इनपुट टेक्स्ट" वापरत असाल तर त्याला देवनागरी किंवा तेलुगू चालत नाही, कमांड फुटते. हा एम्युलेटरचा बिघाड नव्हे. एम्युलेटरच्या आतल्या कीबोर्डला त्या भाषा जोडा आणि हाताने टाइप करा, नाहीतर मजकूर थेट टेस्टच्या कोडमधून भरा.

## पायरी १०: काहीच लागू पडलं नाही तर

आता काढून टाकण्याचा क्रम. आधी एव्हीडी नवी. मग एसडीके मॅनेजरच्या "एसडीके टूल्स"मधून फक्त "अँड्रॉइड एम्युलेटर" काढून पुन्हा टाका. स्टुडिओचा नंबर या दोन्हीनंतर.

सावध: युजर फोल्डरातलं अख्खं डॉट-अँड्रॉइड फोल्डर उडवण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्यात "डिबग.कीस्टोअर", म्हणजे ॲपवर सही करणारी की ठेवलेली फाइल, असते. ती गेली की नवी बनते, सही बदलते आणि गूगल साइन-इन अचानक बंद पडतं, कारण फायरबेसमध्ये नोंदवलेला एसएचए-१ (सहीचा ठसा) जुन्या सहीचा असतो. आधी तेवढी एक फाइल बाजूला कॉपी करून ठेवा.

कुणाला विचारायचं ठरवलंत, सरांना, सीनियरला किंवा ग्रुपवर, तर चार गोष्टी सोबत द्या: लॅपटॉपचा प्रोसेसर आणि रॅम, ॲक्सेल-चेकचं उत्तर, एव्हीडीची इमेज कुठली, आणि व्हर्बोज लॉगमधली एररची पहिली ओळ तिच्या मागच्या-पुढच्या दहा ओळींसकट. मजकूर कॉपी करून पाठवा. मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो आणि खाली "सर नाही चालत ओ" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.